शेपूट लावलेला आवाज

दिनांक ९ फेब्रुवारी, सोमवार. या दिवशी सकाळी, मी आंघोळीला गेलो असताना, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मी सीलबंद केलेले पाकीट फोडले, त्यातले वडिलांचे कंठयंत्र उघडले आणि दुरुस्त केले. दुरुस्ती उत्तम झाली. माझी तक्रार तिच्याबद्दलच आहे. त्याच दुपारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा तपासनीस ते बिघडलेल्या अवस्थेत पाहायला येणार होता आणि त्याला घरापर्यंत आणण्यासाठी मी जवळजवळ वर्षभर पत्रव्यवहार केला होता. ही नोंद मला कोणत्याही कार्यालयात दाखल करता येत नाही, कारण भावाने वडिलांचा आवाज परत आणला या कृत्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कायद्यात नाही. मी स्वतः कायद्याचा पदवीधर आहे आणि विमा कार्यालयात दाव्यांची छाननी करतो, तेव्हा हे मी शोधून पाहिल्याशिवाय लिहीत नाही. म्हणून ही नोंद वाचकांपुढे ठेवतो.

भावाला घरात बारक्या म्हणतात. आता त्याचे पोट शर्टाच्या गुंड्यांना जुमानत नाही, तरी तो बारक्याच. रस्त्यावर त्याला पिनवाले म्हणतात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरप्या जागेत त्याचे दुकान आहे. आत उभे राहिले की डोके पायरीला लागते, म्हणून तो दिवसभर बसलेला असतो आणि गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर उभे. दुकानाला नाव नाही, पाटी नाही, आणि तरी सकाळी शटर वर जाण्याआधी लोक येऊन थांबलेले असतात. माझे घर त्याच जिन्याने वर, दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. माझ्या दाराला पाटी आहे, पदव्यांसह. ती वाचायला कोणी येत नाही. मी कामावर जाता-येता पायऱ्यांची धूळ त्याच्या डोक्यावर पडते, एवढेच माझे त्याच्यावरचे वर्चस्व.

तो चार्जिंगची पिन बदलतो. दुसरे काही करत नाही. फुटलेली काच घेऊन कोणी आले तर त्याला तो सरळ पुढच्या चौकात पाठवतो. मुळात पिन हा शब्दच चुकीचा आहे. पिन म्हणजे आत जाणारी वस्तू. मोबाइलच्या बुडाशी असते ते आत घेणारे छिद्र, आणि त्याला पोर्ट म्हणतात. एकदा मी हे त्याला गिऱ्हाइकांदेखत समजावून सांगितले.

"बरोबर आहे दादा," तो म्हणाला. "पण माणूस बिचारा येऊन म्हणतो, पिन गेली. मी काय म्हणू, अहो पिन नाही, तुमचं भोक गेलं? चारचौघांत बरं दिसतं का ते?"

सगळे हसले. मुद्दा माझा बरोबर होता आणि हशा त्याला मिळाला. आम्हा दोघा भावांच्या आयुष्याचा गोषवारा मला याहून थोडक्यात देता येणार नाही.

त्याच्या कामाचे वर्णन मी निःपक्षपातीपणे करतो. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवून तो यंत्राचे पोट उघडतो, बोर्डाच्या कडेवर गरम हवेचा झोत धरतो आणि वाट पाहतो. सोल्डर, म्हणजे डाग द्यायचे कथील, वितळून पाण्यासारखे चमकले की जुना पोर्ट चिमट्याने अलगद उचलून घेतो. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी पत्र्याची डबी असते ती. त्या जागी नवी बसवतो, आणि काढलेली जुनी डबी कागदाच्या चिटोऱ्यात पुडी बांधावी तशी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. ही त्याची पद्धत. लोक पुडी घेतात, दोन पावले जातात, वळतात आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या बिस्किटांच्या डब्यात टाकून देतात. ती ठेवून करायचे काय, असे त्यांना वाटते.

काम चालू असताना तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: "कोणी ओढली?"

"ह्यांनीच," एकदा एक बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "चार्जिंगला लावून उशाशी घेतात. कूस बदलली की वायर अंगाखाली."

"पिन मी बदलून देतो, वहिनी. कूस कोणत्या बाजूला बदलायची ते घरी ठरवा."

नवरासुद्धा हसला. आरोपी स्वतः हसतो असे न्यायालय मी दुसरे पाहिलेले नाही.

पण त्या नवऱ्याचा गुन्हा कोणता? ती पत्र्याची डबी बोर्डाच्या अगदी कडेला नुसती वरच्यावर चिकटवलेली असते. तिचे पाय बोर्डाला भोके पाडून आरपार घातले असते, तर ती रोजचे घालणे-काढणे वर्षानुवर्षे सोसती. बनवणाऱ्याने तेवढे कष्ट वाचवले, आणि जगभर बायका नवऱ्यांना आणि आया मुलांना बोल लावत बसल्या आहेत. मी हे बारक्याला सांगितले तेव्हा त्याला ते आधीच ठाऊक होते, याचा मला अधिक राग आला.

"मग लोकांना सांगत का नाहीस?"

"सांगून काय होईल? कंपनीनं नीट बनवलं तर मी इथं बसून पायऱ्या मोजू का?"

तो फार अचूक कारागीर आहे असाही कोणी समज करून घेऊ नये. एका शिंप्याची पिन त्याने तिरकी बसवली. चार्जर एका विशिष्ट कलाने घातला तरच आत जाई. शिंपी आठवड्याने परत आला तेव्हा मी मुद्दाम जिन्यात थांबलो. शिंपी म्हणाला, "फार झकास काम झालं हो. आता घरात दुसऱ्या कोणाला माझा फोन चार्जच करता येत नाही." माझ्या अहवालात एका स्वल्पविरामाची चूक राहिली तर वरिष्ठ लाल शाईने गोल करतात.

हे आजचे नाही. आमचे वडील बसस्थानकावर घोषणा करत. गावात त्यांचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता, पण आवाज सगळ्यांना. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढे त्या काळ्या कर्ण्यातून आले की भांडणारे गप्प होत आणि झोपलेले उठून पिशव्या चाचपत. मी शाळेत पहिल्या बाकावर बसत असे. बारक्या शाळा बुडवून बसस्थानकावर जाई आणि वडिलांच्या टेबलाखाली बसे. वडिलांनी त्याला रागवायला हवे होते. त्याऐवजी ते त्याला आपल्या डब्यातले देत. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी नेहमी वेळेवर सही केली. टेबलाखाली काय दिसते हे मला आजही माहीत नाही.

बारक्याला माहीत आहे. मायक्रोफोनची तार येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात अडके आणि मायक्रोफोन धाडकन खाली येई. म्हणून वडिलांनी टेबलाच्या फळीला भोक पाडून तार त्यातून ओवली होती आणि फळीच्या वरच्या अंगाला तिला एक गाठ मारली होती. खालून कोणी कितीही ओढो, हिसका गाठीला बसे. मायक्रोफोन जागचा हलत नसे. ही गाठ या हकिगतीत पुन्हा येणार आहे. ती मला कोणी दाखवली नव्हती.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी वडिलांच्या घशात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढून टाकावे लागले. डॉक्टरांशी मीच बोललो, कंठयंत्राची माहिती मीच वाचून काढली, निवडले मीच. जाड दंडगोल बॅटरीसारखे ते यंत्र हनुवटीखाली दाबून धरायचे, बटण दाबायचे आणि ओठ हलवायचे. मग भुंगा बोलावा तसा एकसुरी, पण स्पष्ट आवाज येतो. घरात त्याला टॉर्च म्हणू लागले. वडील पहिल्यांदा टॉर्चवर बोलले तेव्हा मी समोर उभा होतो, पत्नी शेजारी होती. त्यांनी बटण दाबले, दोनदा नुसतीच घरघर झाली आणि मग शब्द आला: "बारक्या."

बारक्या त्या वेळी खोलीतही नव्हता.

आता टॉर्चची रचना पाहा. तिचे बूड सपाट आहे, म्हणून कोणीही ती टेबलावर उभी ठेवतो. आणि चार्जिंगचा पोर्ट नेमका बुडाला आहे. उभी ठेवली की वायर तिच्या खाली चेपते. आडवी ठेवावी तर अंग गोल, म्हणून ती गडगडते आणि वायरीला पीळ बसतो. आत तीच वरच्यावर चिकटवलेली डबी. पहिल्या वर्षातच ती निखळली. बारक्याने नवी बसवली. पुन्हा निखळली, पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी वडील खाली जात, दुकानासमोरच्या स्टुलावर बसत आणि आवाज घेऊन वर येत. कधीकधी आवाज मिळाल्यावरही तासन्‌तास खालीच थांबत. वर माझ्या घरात ते "हो", "नको" आणि "झोपतो" एवढेच बोलत. खालून मात्र भुंग्याच्या हसण्याचा आवाज जिन्यातून वर येई. यंत्राला हसता येत नाही; तरी ते हसत.

मी कंपनीला लिहिले. पोर्टचे चित्र काढून दिले, दोष कलमवार मांडला, आणि मागणी एकच केली: आमचे यंत्र बदलून द्या असे नव्हे, रचना बदला, सगळ्यांसाठी. उत्तरे आली, प्रत्युत्तरे गेली. अखेर कंपनीने कळवले की आमचा तपासनीस येऊन पाहील आणि दोष रचनेचा ठरला तर पुढची सर्व यंत्रे सुधारून काढू. अट एवढीच, की बिघडलेले यंत्र कोणी उघडलेले नसावे. जुन्या दुरुस्त्यांमुळे वडिलांचे जुने यंत्र त्यात बसत नव्हते, म्हणून मी नवे घेतले. जानेवारीत त्याचाही पोर्ट निखळला. मला आनंद झाला. हे वाक्य वाचून कोणी भुवया उंचावू नयेत. पुरावा हाती आला की छाननी करणाऱ्याला आनंद होतो. मी यंत्र पाकिटात घातले, तोंड चिकटवले, त्यावर सही केली आणि वडिलांचीही घेतली. जुनी टॉर्च तोवर दुरुस्तीपलीकडे गेली होती. तपासनीस येईपर्यंत वडिलांनी मुलांच्या पुसायच्या पाटीवर लिहून बोलायचे ठरले.

बारक्या त्याच संध्याकाळी वर आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"दादा, दे इकडं. चहा होईस्तोवर करून आणतो."

"चहा होईस्तोवर होतं, म्हणूनच तर कंपनी सुधारत नाही. तू झाकतोस, लोक विसरतात."

"अरे पण बाबा मुके झालेत."

"काही दिवसांचा प्रश्न आहे. पुढं कोणाचेच बाबा मुके होणार नाहीत."

"बाबा," तो आत वाकून म्हणाला, "तुम्ही काय म्हणता?"

वडिलांनी पाटी उचलली, खडू हातात धरला, आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि काही न लिहिता पाटी खाली ठेवली.

"भाऊजी, बसा, चहा ठेवते," पत्नी म्हणाली. मग माझ्याकडे पाहत, "तुम्हालाही ठेवू, की आधी अर्ज करता?"

तपासनिसाने तारीख पुढे ढकलली, मग आणखी एकदा. पाकीट कपाटात राहिले. वडील खाली जाईनासे झाले. बारक्याची गिऱ्हाइके मला जिन्यात अडवून विचारू लागली, "आजोबा दिसत नाहीत ते?" इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी आपण होऊन बोलले ते असे, आणि तेही दुसऱ्याची चौकशी करायला.

मग ९ फेब्रुवारी. पुढचे मला बारक्याकडून कळले, आणि त्याने ते जितक्या रंगवून सांगितले त्यातले निम्मे मी गाळले आहे.

मी अंगाला साबण लावत असताना वडिलांनी कपाट उघडले, पाकीट काखेत धरले, दुसऱ्या हातात पाटी घेतली आणि एकेक पायरी उतरून ते खाली गेले. पाकीट त्यांनी बारक्यापुढे ठेवले. बारक्या म्हणतो, मी हात लावला नाही, म्हटलं दादा फाडून खाईल. वडिलांनी पाटीवर लिहिले, "फोड. दुपारी मला बोलायचं आहे." बारक्या नवी पिन शोधू लागला, तेव्हा वडिलांनी मान हलवली, पाटी पुसली आणि तिच्यावर एक चित्र काढले. फळी, फळीला भोक, भोकातून तार, आणि फळीच्या वरच्या अंगाला गाठ.

बारक्याने चित्र पाहिले आणि गरम हवेचा झोत सुरू केला. त्याने पोर्ट काढून टाकला. वीतभर तार घेऊन तिचे एक टोक बोर्डाला डाग देऊन जोडले, आतल्या बाजूने गाठ मारली आणि तार बुडाच्या भोकातून बाहेर सोडली. बाहेरच्या टोकाला पोर्ट. आता टॉर्च उभी ठेवा, आडवी ठेवा, ओढा, आपटा. हिसका गाठीला बसतो. टॉर्चला शेपूट आले. दोघांनी मिळून ते केले. मी डोक्यावर पाणी ओतत होतो.

दुपारी तपासनीस आला. चटपटीत, तरुण, इस्त्रीची घडी न मोडता बसणारा. मी फाईल उघडून तक्रारीचा सारांश वाचला आणि पाकीट आणायला कपाटाकडे गेलो. पाकीट जागेवर नव्हते. मागून घरघर झाली. वडील खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या हनुवटीखाली शेपूट लोंबत होते.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या मुलाने केलेली तक्रार खरी आहे. हे यंत्र उभं राहतं, म्हणून माणूस उभं ठेवतो. भोक बुडाला आहे. आडवं ठेवलं तर गडगडतं. बनवणाऱ्यानं ते एकदाही टेबलावर ठेवून पाहिलेलं नाही. माझ्यासारखे बरेच आहेत. त्यांच्या घरी असा मुलगा असेलच असं नाही. तरी थोरल्याचं म्हणणं ऐकावं. सूचना समाप्त."

माझे नाव, म्हणजे माझे नाते, त्या आवाजात त्या थाटाने मी प्रथमच ऐकले. कर्ण्यातून गावोगावच्या गाड्यांची नावे येत. माझे कधी आले नव्हते.

"वा, आजोबा," तपासनीस म्हणाला. "किती स्पष्ट बोलता. यंत्र तर मस्त चाललंय."

मी सांगितले की ते आज सकाळपर्यंत बंद होते. त्याने निखळलेला मूळ भाग मागितला. पत्नीने खिडकीतून हाक मारली आणि बारक्या धापा टाकत वर आला. नेहमी तो जुनी डबी पुडीत बांधून देतो. त्या सकाळी, गाठीच्या आनंदात, त्याने ती बिस्किटांच्या डब्यात टाकली होती. त्याने सबंध डबा आणून तपासनिसापुढे उपडा केला. टेबलभर पत्र्याचे दाणे पसरले.

"यातलीच एक आहे साहेब," तो म्हणाला. "शपथेवर."

तपासनिसाने लिहिले: यंत्र अनधिकृत व्यक्तीने उघडलेले, सध्या सुस्थितीत, वापरकर्त्याचे बोलणे समाधानकारक, तक्रार निकाली. जाताना त्याने बारक्याला हळूच विचारले, "माझ्याही फोनची पिन जरा सैल आहे हो. बघता का?" दोघे बोलत खाली उतरले. तो बराच वेळ तिथेच होता; जिन्यातून हसणे ऐकू येत होते.

मी वडिलांना विचारले, "पाकिटावर तुम्हीच सही केली होती ना?"

"सही केली होती," टॉर्च म्हणाली. "बोललो कुठं होतो?"

"मला सांगायचं तरी होतं."

"तुझी बाजू मांडायला आवाज लागत होता. तो खाली मिळतो."

त्यांनी हे कौतुकाने म्हटले की समजुतीने, हे त्या एकसुरी आवाजात कळत नाही. मी पुष्कळ दिवस त्यावर विचार केला आहे. माझ्यासाठी बोलायचे म्हणून ते गेले, आणि गेले त्याच्याकडे.

आता शेपटाचा बोभाटा झाला आहे. कोठून कोठून लोक टॉर्च घेऊन येतात, जिन्याखाली बाकावर ओळीने बसतात आणि सगळे एकाच भुंग्याच्या आवाजात एकमेकांशी गप्पा मारतात. वडील त्यांच्या मध्यभागी असतात. गाठ कशी मारायची ते तेच दाखवतात. मी कामावरून येतो तेव्हा ते माझी ओळख करून देतात, "हा थोरला. तक्रार याचीच." लोक आदराने मान हलवतात आणि पुन्हा बारक्याकडे वळतात. कंपनी अजूनही बुडाला भोक असलेलीच टॉर्च विकते आहे, आणि प्रत्येक शेपूट ही मला न मिळालेली एक सही आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणाचा आवाज अशा यंत्रात असेल, तर बारक्याकडे जरूर जा. मी अडवत नाही. अडवून पाहिले आहे. पण यंत्र फोडू देण्याआधी जिना चढा. दुसरा मजला, डावीकडचे दार, पाटी आहे. निखळलेल्या पोर्टचे छायाचित्र मला काढू द्या आणि तक्रारीवर तुमची सही करा. त्यानंतर खाली जा. काढलेला जुना पोर्ट तो पुडीत बांधून देईल. तो त्याच्या डब्यात टाकू नका. पुन्हा वर या आणि माझ्या हातात द्या.